मेडिकलच्या काउंटरवर शेतकरी
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, विजेचा प्रश्न आहे. त्यात औषधाच्या दुकानाचा विषय कशाला, असे काहींनी सकाळीच विचारले. कारण साधे आहे. गावोगावच्या बैठकांत आम्ही कापसाच्या पैशाचा हिशेब मांडायला बसतो. मजुरी, बियाणे, खत, फवारणी, व्याज, सगळे लिहून होते आणि मागच्या रांगेतून एखादी माउली म्हणते, ‘दवाखाना लिहा की!’ दवाखाना लिहायला घेतला की बहुतेक घरांत कळते, डॉक्टरची फी त्यातली लहान रक्कम आहे. मोठी रक्कम शेजारच्या मेडिकलमध्ये गेलेली आहे. तिचे बिल मात्र कोणाकडेच नाही.

कापूस विकायला आपण जातो तेव्हा काट्यावर डोळ्यात तेल घालून उभे राहतो. ग्रेडरने प्रत खाली ओढली तर भांडतो. हिशेबपट्टी हातात पडल्याशिवाय गाडी वळवत नाही. आणि तोच शेतकरी मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिला की मुका होतो. काय दिले, का दिले, कितीला दिले, काही विचारत नाही. दुकानदार कात्रीने गोळ्या कापतो, कागदाच्या पुडीत घालतो, वर पेनाने सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारतो, आणि आपण खिशातून निघतील तेवढे पैसे देऊन बाहेर पडतो. असे का होते, याचा आज विचार करायचा आहे.

पहिली गोष्ट भाषेतली. आपल्याकडे फवारणीच्या विषालाही औषध म्हणतात आणि तापाच्या गोळीलाही औषध म्हणतात. ‘त्याने औषध घेतले’ असे आपल्या भागात कोणी दबक्या आवाजात सांगितले तर ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते. शब्द एकच आणि खरेदीची रीतही एकच. कृषी केंद्रात जाऊन आपण म्हणतो, ‘अळी पडली, काहीतरी द्या.’ मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, ‘अंग दुखते, काहीतरी द्या.’ या ‘काहीतरी द्या’ची किंमत काय होते ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, अंगावर संरक्षण नाही, आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. मिश्रण कोणी सांगितले, तर बऱ्याच ठिकाणी दुकानदाराने.

किडनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण आता आपण ओळखायला लागलो आहोत. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तशीच खूण माणसाच्या गोळ्यांच्या पाकिटावर असते. पाकिटाच्या एका बाजूला उभी लाल रेघ दिसली आणि कोपऱ्यात ‘आरएक्स’ असे चिन्ह दिसले, की समजायचे की हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. कायद्यात त्याला शेड्यूल एच म्हणतात. प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक्स, स्टेरॉइड, रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्या यांत येतात. त्यांतली काही अधिक जोखमीची औषधे १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. त्यांत टीबीची औषधे आणि काही मोठी अँटिबायोटिक्स आहेत. ही विकताना दुकानदाराला डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते.

आता अनुभव काय आहे? कोणत्याही गावच्या बैठकीत विचारले की दहा हात वर होतात. ताप आला म्हणून मेडिकलमधून दोन कॅप्सूल आणल्या, बरे वाटले, थांबलो. पुन्हा ताप आला, पुन्हा दोन आणल्या. या दोन कॅप्सूलचे काय होते ते कापूसवाल्याला समजावून सांगायची गरज नाही. ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आली तेव्हा हिरवी बोंडअळी पटापट पडायची. आपण तेच तेच औषध, कधी कमी मात्रेत, कधी नको तेव्हा, मारत राहिलो. ज्या अळ्या वाचल्या त्यांचीच पिलावळ वाढली आणि काही वर्षांत अळी औषधाला दाद देईना. पुढे बीटीच्या बाबतीत शेंदरी बोंडअळीने तेच करून दाखवले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी बोंडे फोडून अळ्या मोजल्या आहेत. शरीरातल्या जंतूंचे गणित हेच आहे. नको तेथे अँटिबायोटिक घेतले, अर्धेमुर्धे घेतले, की कमजोर जंतू मरतात, चिवट राहतात. मग साधा न्यूमोनिया साध्या औषधाने बरा होत नाही. अळीच्या बाबतीत एकराचे नुकसान होते, इथे घरचे माणूस जाते.

दुसरा अनुभव मजुरी करणाऱ्या आयाबहिणींचा. निंदण, वेचणी, कमरेचे दुखणे. मेडिकलमधून गोळ्यांची पुडी येते, तिला कोणी ताकदीची गोळी म्हणतात. भूक लागते, दुखणे पळते, तोंडावर तेज आल्यासारखे दिसते. काही महिन्यांनी तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. त्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असते, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. ही औषधे वाईट नाहीत. दम्यात, काही गंभीर आजारांत ती जीव वाचवतात. पण ती मोजून द्यायची असतात आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंदही करायची नसतात. जी कोणी माउली अशी पुडी रोज घेत असेल तिने आज घरी जाऊन ती फेकून देऊ नये. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावे.

तीच गत दुखण्याच्या गोळीची. डायक्लोफेनॅक हे नाव बहुतेकांना पाठ आहे. उन्हात दिवसभर काम, पोटात पाणी कमी, आणि रोज एक गोळी. याने पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. हे औषध बैलाला टोचले जायचे तेव्हा मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. नव्वदच्या दशकापासून देशातल्या गिधाडांच्या तीन जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. म्हणून २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीची मोठी बाटली मेडिकलमधून आणून गोठ्यात वापरली जात होती, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही एका मात्रेच्या लहान कुपीतच विकायचा नियम आला. गोठ्यासाठी माणसाचे औषध मागायला मेडिकलमध्ये जाऊ नका. पशुवैद्यकाला विचारा.

तिसरा अनुभव बदली औषधाचा. डॉक्टरने एक लिहिले, दुकानदार म्हणाला, ‘तेच आहे, कंपनी वेगळी.’ कधी ते खरे असते. पण शेड्यूल एच मधल्या औषधाची चिठ्ठी असेल तर दुकानदाराने आपल्या मनाने दुसरे औषध देणे कायद्याला मान्य नाही. मग स्वस्त औषध घ्यायचे कसे? त्याची वाट डॉक्टरच्या टेबलावरून जाते. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ साली सुधारणा झाली. औषधाचे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, असे तीत म्हटले आहे. तेव्हा चिठ्ठी हातात घेतानाच म्हणायचे, ‘डॉक्टरसाहेब, मूळ नाव लिहून द्या, जनऔषधीतून घेतो.’ २००८ साली सुरू झालेली जनऔषधी केंद्रे आता अनेक तालुक्यांच्या गावी आहेत. रक्तदाब, साखर अशा रोजच्या गोळ्या ज्यांना जन्मभर घ्यायच्या आहेत, त्यांना तेथे महिन्याकाठी पडणारा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. एकदा दोन्हीकडे भाव विचारून या.

भावाबद्दल आणखी दोन गोष्टी. पाकिटावर छापलेली कमाल किंमत सर्व करांसह असते. वर एक रुपयाही मागता येत नाही. आणि सुट्या गोळ्या विकल्या तर किंमत त्याच हिशेबाने घ्यावी लागते. दहा गोळ्यांचे पाकीट ५० रुपयांचे असेल तर तीन गोळ्यांचे १५ रुपये. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात हे स्पष्ट आहे. गोळ्या कापून घेताना एवढेच पाहा की ज्या बाजूला मुदत आणि बॅच नंबर छापला आहे ती बाजू उरलेल्या पाकिटावर राहावी किंवा निदान बिलावर उतरावी.

आता बिलाकडे येतो, कारण सगळ्याचे मूळ तेथे आहे. बिल मागितले की ऐकायला मिळते, ‘एवढ्याशा औषधाला बिल कशाला?’ कशाला ते ऐका. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारी, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याचे औषध पिऊन लहान मुलांची मूत्रपिंडे बंद पडली. वीसहून अधिक मुले गेली. त्यांतली कित्येक आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत उपचार घेत होती. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाच्या तपासलेल्या बॅचमध्ये तेच विष ४८.६ टक्के सापडले. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की एसआर-१३ ही बॅच कोणाकडे असेल तर वापरू नका, कळवा.

आता सांगा, ज्याच्याकडे बिल नाही आणि ज्याने अर्धी बाटली दुसऱ्या बाटलीत ओतून शेजाऱ्याला दिली, त्याने आपली बॅच कशी ओळखायची? बिलावरचा बॅच नंबर हा आपल्या लेकराच्या जिवाचा सातबारा आहे. तो हातात नसेल तर आपण कशावरच हक्क सांगू शकत नाही. ग्राहक आयोगातही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. पण पहिला प्रश्न हाच असतो की बिल कुठे आहे.

मग आपण बिल का मागत नाही? आपण अडाणी आहोत म्हणून? मुळीच नाही. काट्यावर किलोचा फरक पकडणारा माणूस अडाणी नसतो. आपण बिल मागत नाही कारण आपले नाव त्याच्या वहीत आहे. ही गोष्ट सभेत कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. जून ते दिवाळी हातात पैसा नसतो. त्याच दिवसांत ताप, हगवण, विंचू, फवारणीचा त्रास, सगळे येते. मेडिकलवाला उधार देतो. कापूस निघाल्यावर फेडायचे. ज्याच्या वहीत आपले नाव आहे त्याला ‘मुदत दाखवा, बॅच लिहा’ म्हणायला जीभ उचलत नाही. कृषी केंद्रात हेच होते. उधारीवाला जे देईल ते घ्यावे लागते, ज्या कंपनीचे देईल तेच घ्यावे लागते. रोखीच्या गिऱ्हाइकाला भाव आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला उपकार, असा हा व्यवहार आहे.

उधारी हा उपकार नाही. तो व्यवहार आहे, आणि व्यवहाराला कागद लागतो. उधार दिले तरी बिल होतेच, त्यावर ‘उधार’ असे लिहायचे असते. उलट उधारीलाच बिल अधिक लागते. नाहीतर दिवाळीला वहीत निघालेला आकडा कशाचा, हे आपल्याला कळणार कसे?

दुकानदाराची बाजूही इमानाने मांडली पाहिजे. रात्री दोनला दार वाजवले तर उठणारा, एसटी चुकलेल्या म्हाताऱ्याला पाणी देणारा, गावात वैद्यकाचे थोडेफार शिकलेला एकच माणूस बऱ्याच ठिकाणी तो असतो. तोही कोण्या शेतकऱ्याचाच मुलगा, डी. फार्म. करून आलेला. जो फार्मासिस्ट ‘चिठ्ठी आणा, त्याशिवाय देणार नाही’ म्हणतो त्याला आपण आखडू म्हणतो आणि पुढच्या दुकानात जातो. पुढचा देतो. म्हणजे नियम पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक आपणच तोडतो आणि न पाळणाऱ्याचे दुकान आपणच वाढवतो. नंतर म्हणतो, सगळे सारखेच. सगळे सारखे नाहीत. नाही म्हणणारा फार्मासिस्ट हा गावाचा मित्र आहे.

कायद्याने चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या समक्ष देखरेखीखालीच द्यायचे असते. औषध कसे घ्यायचे, कशाबरोबर घ्यायचे नाही, हे समजावून सांगणे त्याच्या कामात येते, असे २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांत लिहिले आहे. पण काही ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि प्रमाणपत्राचा मालक शंभर कोसांवर असतो. काउंटरवर दहावी झालेले पोर. त्या पोराचा दोष नाही, त्याला पगारावर ठेवले आहे. तरी विचारायचे, ‘बाळा, फार्मासिस्टसाहेब कुठे आहेत?’ आवाज न चढवता विचारायचे. गावातल्या दहा जणांनी आठवडाभर हा एकच प्रश्न विचारला तर साहेब आपोआप दुकानात दिसू लागतात.

एक सूचना हंगामापुरती, पण सर्वांत महत्त्वाची. फवारणीनंतर डोके दुखले, मळमळले, घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यापुढे अंधूक झाले, तर मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी मागायला जायचे नाही. कपडे उतरवायचे, साबणाने अंग धुवायचे आणि सरळ दवाखाना गाठायचा. बरोबर फवारणीच्या औषधाचा डबा किंवा त्याचा कागद न्यायचा. डब्यावर औषधाचे नाव असते आणि त्यावरचा उताराही छापलेला असतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाच्या विषाला अ‍ॅट्रोपिन चालते, ते दवाखान्यातच देता येते. दुसऱ्या गटाच्या विषाला उपचार वेगळा. डबा पाहिला तर डॉक्टरचा वेळ वाचतो, आणि वेळ वाचला तर माणूस वाचतो.

आणि मेडिकलच्या आधी सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. टीबीची औषधे तर सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात. तेथे औषध नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी जपून ठेवा आणि तालुका बैठकीत आणा. दहा गावांच्या अशा चिठ्ठ्या एकत्र झाल्या की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवायला पुरावा तयार होतो. रिकाम्या हाताने गेलेल्या शिष्टमंडळाला चहा मिळतो, औषध मिळत नाही.

आता कामाचे बोलू. येत्या महिन्यात प्रत्येक गाव शाखेने चार गोष्टी करायच्या, असा आमचा प्रस्ताव आहे.

एक. औषध रोखीचे असो की उधारीचे, बिल घ्यायचे. बिलावर औषधाचे नाव, बॅच नंबर, मुदत आणि किंमत पाहायची. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायची. बिल पीक कर्जाच्या कागदांबरोबर ठेवायचे.

दोन. लाल रेघेचे औषध चिठ्ठीशिवाय मागायचे नाही. मिळत असले तरी मागायचे नाही. सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायचे.

तीन. गावातल्या पाच जणांनी, त्यांत दोन बाया असाव्यात, आपल्या मेडिकलवाल्याला जाऊन भेटायचे. मोर्चा न्यायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. बसून सांगायचे की आम्ही चिठ्ठीशिवाय मागणार नाही, नाही म्हणालात तर रागावणार नाही, उधारी हंगामावर फेडू. तुम्ही बिल द्या, फार्मासिस्ट दुकानात ठेवा. असा करार दोन्ही बाजूंच्या फायद्याचा आहे आणि बहुतेक दुकानदार तो मान्य करतील.

चार. जो मान्य करणार नाही, छापील किमतीपेक्षा जास्त घेईल, मुदत संपलेले किंवा डॉक्टरांसाठीचे फुकट नमुने विकेल, त्याची लेखी तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात बिलासह करायची. त्यांचा फुकट फोन १८००-२२२-३६५ आहे. तक्रारीची पोच घ्यायची आणि तिची प्रत जिल्हा कार्यालयात पाठवायची.

आपण घामाचे दाम मागणारी माणसे आहोत. बाजारात मालाचा योग्य भाव मागायचा आपल्याला जेवढा हक्क आहे, तेवढाच विकत घेतलेल्या वस्तूचा पुरा हिशेब मागायचा हक्क आहे. वहीत नाव आहे म्हणून मान खाली घालायचे कारण नाही. तीच मान पुढे दुसऱ्या काउंटरवरही खाली जाते, बँकेच्या, विम्याच्या, बाजार समितीच्या. उद्या मेडिकलमध्ये गेलात की पैसे देण्याआधी एवढेच म्हणा, ‘भाऊ, बिल द्या.’ पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने निदान एक बिल खिशात घालून आणावे. त्या बिलांवरूनच आपण पुढची चर्चा करू.